आक्कांच्या गच्चीवरचे कंद

कोरडी माती दिसली की पद्मावती मगदूम ऊर्फ आक्का यांचा हात आपोआप तांब्याकडे जातो. घरातल्या कुंड्या तर सोडाच, पण कोल्हापूरच्या सम्राटनगरातल्या त्यांच्या इमारतीखाली रिक्षावाल्यांनी लावलेलं गुलमोहराचं रोप, समोरच्या दवाखान्याच्या पायरीवरचा कोरफडीचा डबा, झालंच तर महापालिकेने दुभाजकात लावलेली झुडपं, या सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी पाणी पाजलेलं आहे. दवाखान्यातली कोरफड त्यांच्या मायेनंच सडली. डॉक्टर भले गृहस्थ, ते काही बोलले नाहीत. त्यांनी तिथं प्लॅस्टिकची फुलं आणून ठेवली. आक्कांनी एकदा तीही धुऊन काढली.

यात त्यांचा दोष म्हणाल तर थोडाच. बाई कुरुंदवाडची. माहेर तिथलंच आणि सासरही तिथलंच, लग्न झालं म्हणजे काय तर दोन बोळ ओलांडून पलीकडे राहायला गेल्या. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या बेचक्यातली ती काळीभोर जमीन, तिच्यावर उभा ऊस, आणि उसाला पाणी. तिकडं माणसाची विचारपूससुद्धा पाण्यावरून सुरू होते. पाण्याची पाळी आली का, मोटर चालली का, पाट फुटला का. बारक्या पोराला रडू आलं की आधी पाणी पाजायचं, पाव्हणा दारात आला की आधी तांब्या, आणि रोप मान टाकाय लागलं की ओंजळभर पाणी. माया करायची दुसरी रीत त्यांना कुणी शिकवलीच नाही.

पुढं त्याच पाण्यानं घात केला. एकोणीस सालच्या महापुरात कुरुंदवाडचं बेट झालं. मगदुमांच्या घरात पाणी माळ्याला टेकलं आणि आक्का नावेत बसून बाहेर पडल्या. दोन वर्षांनी पाणी परत आलं, जणू मागच्या खेपेला काहीतरी विसरलं होतं. तेव्हा नेमगोंडा मगदूम, म्हणजे आक्कांचे मालक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी हात टेकले. शेती ठेवली आणि कोल्हापुरात उंचावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीसकट बिऱ्हाड केलं. "आता पंचगंगेला आमच्याकडं यायचं असंल तर आधी सगळं कोल्हापूर बुडवून याय लागंल," असं ते वास्तुशांतीला म्हणाले होते. आण्णा एस.टी.नं शेतावर जातात, येतात. आक्का गच्चीवर असतात. पाण्यानं संसार धुऊन नेला तरी त्यांचा पाण्यावरचा लोभ तसूभर कमी झाला नाही.

आक्कांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला, तेव्हा आक्कांनी जन्माचा नियम घेतला. कंदमूळ खायचं नाही, उकरायचं नाही, चिरायचं नाही. जमिनीखालच्या एकेका गाठीत अगणित जीव एकत्र नांदतात, त्यांना आपल्या हातून धक्का लागू द्यायचा नाही. तेव्हापासून घरात बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही. आण्णा स्टँडजवळ मिसळीवर जादा कांदा घेऊन खातात हे सगळ्या सम्राटनगराला ठाऊक आहे. आक्का विचारत नाहीत, आण्णा सांगत नाहीत, आणि घरात शांतता नांदते.

अशा या घरातली एकुलती एक लेक ऐश्वर्या, तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं आणि पीएच.डी.ला विषय निवडला तो नेमका कंदाचा. खर्तुडी म्हणतात त्या वेलीला. सह्याद्रीच्या माथ्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, ज्यांना तिकडं सडा म्हणतात, तिथं ती पावसाळ्यात उगवते. फूल असं की छोटा कंदीलच. वर निमुळतं, खाली फुगीर, आत केस. बारीक माशी वासाला भुलून आत शिरते आणि अडकते. केस सुकून गळाले की परागांची पिशवी अंगावर घेऊन सुटते. पाऊस सरला की वेल वाळून जाते आणि मागं राहतो तो मातीतला कंद. गुराखी पोरं तो उकरून कचाकचा खातात. ऐश्वर्याचा प्रश्न साधा होता. एवढ्याशा डोंगररांगेवर या वेलीच्या इतक्या जाती आल्या कुठून, आणि शेजारशेजारच्या दोन सड्यांवरची फुलं एकमेकींसारखी का नाहीत?

पौषात ती घरी आली ती टेम्पो घेऊन. टेम्पोत कुंड्या. वनखात्याच्या परवानगीनं वेगवेगळ्या सड्यांवरून आणलेले कंद त्यांत होते. एरवी ते जिथं असत ती कॉलेजातली शेड दुरुस्तीला काढलेली, आणि तिला स्वतःला बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत पानांचा डीएनए तपासायला काही महिने जायचं होतं. कुंड्या गच्चीवर टाकीच्या सावलीत मांडून झाल्यावर तिनं आईला बोलावलं. तीही आईला आक्काच म्हणते.

"आक्का, ह्या आता झोपल्यात. मी येईपतोर पाणी घालायचं न्हाय."

"बरं."

"बरं न्हवं. अजिबात न्हाय. थेंब बी न्हाय."

"व्हय की. कळलं मला."

मग तिनं निळी पट्टी खोचलेल्या मोजक्या कुंड्या दाखवल्या. त्या एका आडबाजूच्या सड्यावरच्या होत्या. तिथलं फूल तिला दुसरीकडं कुठंच दिसलं नव्हतं. कंद आणले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तिथून रस्ता निघाला. "त्या जागंवर आता डांबर हाय," ऐश्वर्या म्हणाली. "आणखी कुठं मिळतंय का शोधाय लागलोय, पण अजून तरी न्हाय मिळालं. जे काय हाय ते हितं, आपल्या गच्चीवर."

आक्कांनी पदरानं एका निळ्या पट्टीवरची धूळ पुसली. लेकीचं काम त्यांना सगळं उमजत नव्हतं, पण पोरगीनं आपल्यावर भरवसा टाकला एवढं उमजलं आणि छाती भरून आली.

आता त्यांना कळलं होतं ते काय, ते ऐका. पाणी घालायचं नाही म्हणजे जास्त घालायचं नाही. कुरुंदवाडच्या कुठल्याही बाईला याचा दुसरा अर्थ लागलाच नसता. भर उन्हाळ्यात एखाद्या जिवाला एक थेंबही द्यायचा नाही असं शहाणं माणूस बोलेल कसं? पोरगीच्या बोलण्याचा रोख बेतानं घाल असाच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं.

माघात त्या नुसत्या बघून यायच्या. फाल्गुनात कुंड्यांतली माती फुफाटा झाली, तिला भेगा पडल्या, आणि आक्कांना जेवण गोड लागेना. एके सकाळी त्यांनी बोटांनी शिंतोडा मारला. तेवढ्यानं काय होतंय. चार दिवसांनी वाटीभर. पाडव्याला सगळं जग न्हाऊन-माखून बसलं आणि ही बिचारी तशीच कोरडी, म्हणून प्रत्येकीला अर्धा तांब्या.

आण्णा जिन्यात बसून बघत होते. "पोरगी नको म्हणालीय न्हवं?"

"भरपूर नको म्हणाली ती. उन्हात पोळाय लागल्यात की ओ. तुमाला दिसत न्हाय?"

"मला दिसतंय. तिला दिसू ने म्हंजे झालं," आण्णा म्हणाले आणि पेपर उघडला. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सोडलं होतं.

मग रोजचंच झालं. आणि कष्टाला फळ आलंसुद्धा. चैत्र सरता सरता कुंड्यांच्या मातीवर हिरवा रंग चढला. आक्का हरखल्या. लेकीचा व्हिडिओ कॉल आला तशा फोन घेऊन दुपारच्या उन्हात वर गेल्या आणि फोन कुंडीवर धरला.

"हे बघ. हिरवं आलंय बघ कसं."

पलीकडून काही आवाज आला नाही. फोन बंद पडला की काय म्हणून आक्कांनी तो आपल्याकडं वळवला. ऐश्वर्याचा चेहरा होता तसाच होता.

"आक्का, ते शेवाळ हाय," ती म्हणाली. "माती ओली हाय. का ओली हाय?"

आक्कांना काय झालं असावं ते एका क्षणात समजलं आणि तोंडचं पाणी पळालं. तरी बाई खरी. "मी घातलं," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं. रोज."

ऐश्वर्या ओरडली असती तर बरं झालं असतं. मगदुमांच्या घरात ओरडायला कुणी मागंपुढं बघत नाही, आणि ओरडून झालं की मन मोकळं होतं. पण पोरगी एकदम शांतपणे बोलाय लागली. झोपलेल्या कंदाला पाणी मिळालं की तो कुजतो. कुजला की कुंडीत बुरशी वाढते. चांगले असतील तेही जातील. आजच्या आज सगळे उकरून बघायला हवेत, कुजके टाकायचे, धड असतील ते कोरड्या वाळूत ठेवायचे. तिला निघून यायचं म्हटलं तरी उद्या उजाडणार.

"तुझा नियम हाय ते म्हायत हाय मला," ती म्हणाली. "धोंडुबाईला सांग. ती करंल. मी फोनवर सांगतो तिला."

धोंडुबाई म्हणजे घरकामाला येणारी बाई, आक्कांच्याच वयाची, तोंडाची फटकळ. ती खुरपं घेऊन वर आली आणि पहिल्या कुंडीपाशी बसली. खुरपं मातीला लागणार तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांब."

"आता काय?"

"मी सांगितलं म्हणून तू उकरणार. म्हंजे मीच उकरल्यागत झालं. आपण केलं काय, दुसऱ्याकडनं करवलं काय, न्हाईतर करणाऱ्याला बरं म्हटलं काय, तिन्ही एकच. महाराजांनी तसंच सांगितलंय."

धोंडुबाईनं जरा विचार केला. "म्हंजे पाप तुमचं?"

"माझंच."

"माझ्याकडं काय न्हाय?"

"तुझ्याकडं काय न्हाय."

"मग करतो की मी," धोंडुबाई म्हणाली आणि परत खुरपं उचललं. आक्कांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

आण्णांना फोन लावला तर ते शेतात. संध्याकाळपर्यंत येतो, मी उकरतो, म्हणाले. पण संध्याकाळपर्यंत ऊन कलणार होतं, आणि आण्णांनी उकरलं तरी नियमाचं तेच होणार होतं. आक्का टाकीच्या सावलीत खुरपं मांडीवर घेऊन बसल्या. घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यायची त्यांना लाज वाटली.

आणि तिथं बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात जे आलं त्यानं त्यांना आतून हलवलं. महिनाभर त्या या कंदांना मारत होत्या. तांब्यानं, मायेनं, रोज. आणि त्या महिनाभरात त्यांचा नियम कुठं म्हणून मोडला नव्हता. देवासमोर उभं राहून त्यांनी खुशाल सांगितलं असतं की मी कंदाला हात लावला नाही. आता त्याच कंदांना वाचवायला हात घालायचा तर मात्र नियम आडवा येत होता. जीव जाऊ नये म्हणून घेतलेला नियम. तो जिवापेक्षा मोठा झाला तर नाकापेक्षा मोती जड.

"सरक बाजूला," त्या धोंडुबाईला म्हणाल्या. "पाप माझंच हाय तर हात बी माझाच लागू दे."

त्यांनी पदर खोचला, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला आणि खुरपं घातलं. ऐश्वर्या फोनवरून बघत होती, फोन धोंडुबाईच्या हातात होता, आणि धोंडुबाई तो सारखा स्वतःकडं वळवत होती.

पहिल्या कुंडीतून आंबूस वास आला. हाताला गिळगिळीत काहीतरी लागलं आणि बोटांतून निसटलं. आक्कांनी तो चिखल बाजूला काढला. दुसऱ्या कुंडीतही तसंच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात मातीत होते म्हणून पुसता येत नव्हतं. तिसऱ्या कुंडीत बोट घातलं आणि काहीतरी टणक लागलं. त्यांनी ते वर काढलं. सुपारीपेक्षा थोडा मोठा, चपटा, मातकट कंद. दाबून बघितला तर दगडासारखा.

"हा धड हाय का?" त्यांनी विचारलं, आणि आवाज इतका बारीक आला की धोंडुबाईनं फोन जवळ नेला.

"धड हाय, आक्का," ऐश्वर्या म्हणाली. "एकदम धड हाय."

त्यापुढच्याही धड निघाल्या. मग एक कुजकी, मग परत धड, धड, धड. ऐश्वर्यानं कुंड्या भरताना सड्यावरचा जाड मुरूम घातला होता, आक्कांची बरीचशी माया त्यातून सरळ खाली वाहून गेली होती. बहुतेक सगळे कंद वाचले होते. पलीकडं पोरगी हसत होती आणि नाक पुसत होती. आक्कांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच, कारण निळ्या पट्टीच्या कुंड्या त्यांनी भीतीनं शेवटी ठेवल्या होत्या.

त्यांतली पहिली गेलेली. दुसरी गेलेली. एकीत तर कंदाची नुसती साल सापडली. शेवटच्या कुंडीत एक कंद निघाला, एका अंगानं घट्ट आणि दुसऱ्या अंगानं काळा.

ऐश्वर्या म्हणाली, "काळं तेवढं कापून काढाय लागंल. पांढरं लागेपतोर. आणि कापलेल्या जागेला राख. धोंडुबाई, तुमी..."

"ती न्हाय," आक्का म्हणाल्या.

विळी वापरणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी नवं ब्लेड आणायला धोंडुबाईला खाली पाठवलं आणि स्वतः देव्हाऱ्यातल्या धुपाटण्यातली राख वाटीत काढली. इतक्या वर्षांत ज्या हातांनी साधा बटाटा चिरला नव्हता, त्या हातांनी तो कंद पाटावर धरला आणि काळं मांस पातळ पातळ उतरवलं. लिंबाएवढा होता तो अंगठ्याच्या पेराएवढा राहिला. आत पांढरं लागलं तेव्हा त्या थांबल्या. राख लावली. बाकीच्यांसोबत परातीतल्या कोरड्या वाळूत ठेवला आणि वर निळी पट्टी खोचली.

"जगंल का?"

"सांगता याचं न्हाय," ऐश्वर्या म्हणाली. "वरनं घट्ट असला तरी आतनं गेलेला असू शकतोय. वैशाख सरताना कोंब आला तर हाय, न्हाईतर न्हाय. परत उकरून बघायचं न्हाय. आणि पाणी..."

"नको बाई, नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी उपवास केला. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, जाऊन देवासमोर झालं ते सगळं कबूल केलं आणि निळ्या पट्टीचा कोंब दिसेपर्यंत गूळ सोडला. कोल्हापूरच्या माणसानं गूळ सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. गच्चीवरचा नळ आण्णांनी तारेनं बांधून टाकला. तो आक्कांनीच बांधायला लावला होता.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. वैशाखाच्या उन्हात गच्ची तव्यासारखी तापायची. वाळूत ठेवलेले ते कंद आक्कांना डोळ्यांसमोर दिसायचे आणि तांब्या हातात यायचा. मग त्या लेकीला फोन लावायच्या.

"ह्यास्नी तहान लागत न्हाय व्हय ग?"

ऐश्वर्या प्रयोगशाळेतून दमून आलेली असायची, तरी सांगायची. रोज थोडं थोडं, जसं आक्कांनी पाणी घातलं होतं तसं. आक्का फोन स्पीकरवर टाकून गच्चीच्या पायरीवर बसायच्या आणि आण्णा पेपराआडून ऐकायचे.

आपला हा सगळा मुलूख एकेकाळी आफ्रिकेला चिकटून होता. मग तुटला आणि उत्तरेकडं सरकत निघाला. वाटेत जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस थरावर थर ओतला गेला. जोतिबाचा डोंगर, पन्हाळा, कुरुंदवाडच्या घाटाचा काळा दगड, सगळं त्यातलं. पुढं पश्चिमेची कड उचलली गेली आणि सह्याद्री उभा राहिला. वर उत्तरेला हा मुलूख आशियाला धडकला आणि तिकडं हिमालय उठला.

"तवा कृष्णा कुठं हुती?" आक्कांनी विचारलं.

"न्हवती. आधी डोंगर, मग नदी."

कृष्णा नाही असं जग आक्कांना डोळ्यांसमोर आणता येईना. "मग पाणी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पाणी आभाळातनं. त्या वेळी बराच मुलूख बारमाही ओला हुता. दाट जंगल हुतं. मग डोंगर वाढलं तसं वारं बदललं. पाऊस चार महिन्यांत गोळा झाला आणि उरलेलं आठ महिनं कोरडं पडलं. आता बघ की, समुद्राकडनं ढग येतोय, घाटाला आडतोय, गगनबावड्याला धो धो पडतोय, आणि आपल्या शिरोळ तालुक्यात येईपतोर रिकामा हुतोय. ज्या झाडांना कोरडं सोसलं न्हाय ती घाटाच्या घळींत जाऊन लपली, न्हाईतर संपली. काहींनी पानं गाळायची सवय लावून घेतली. काही पावसात उगवून बी टाकून मरायची शिकली. आणि खर्तुडीच्या घराण्यानं जीव गाठीत बांधून जमिनीखाली ठेवला."

"कुणी शिकवलं तिला?"

"कुणी न्हाय. ज्यांना जमलं ती राहिली, ज्यांना न्हाय जमलं ती गेली. लाखो वर्षं असं चाललं."

दुसऱ्या एका संध्याकाळी सड्यांची गोष्ट निघाली. डोंगरमाथे झिजून सपाट झाले, मधे खोल दऱ्या पडल्या, आणि एका सड्यावरची वेल दुसऱ्या सड्यापासून तुटली. बी रुईच्या म्हातारीसारखं उडतं, पण दरवेळी पलीकडं पोचतंच असं नाही. इकडची माशी वेगळी, तिकडची वेगळी. मग इकडचा कंदील लांब झाला, तिकडचा फुगीर. एकाच आईच्या लेकी वेगवेगळ्या गावी दिल्या तर चार पिढ्यांनी बोली बदलतेच की. ही वेल मुळात इथलीच, की बी आफ्रिकेकडून कधीतरी आलं, यावर मोठी मोठी माणसं अजून भांडतात, असंही ऐश्वर्या म्हणाली. भांडतात म्हटल्यावर आक्कांना बरं वाटलं. मोठ्या माणसांनाही सगळं ठाऊक नसतं तर.

"म्हंजे ह्यास्नी उन्हाळा सोसतोय," त्या म्हणाल्या.

"सोसतोय न्हवं, आक्का. उन्हाळ्यानंच घडवल्यात ह्या. उन्हाळा नसता तर ह्या झाल्याच नसत्या."

त्या वाक्याशी आक्का अडल्या. आजवर त्यांना उन्हाळा म्हणजे पाण्याची वाट बघत काढायचे दिवस वाटत आले होते. इथं एक जीव होता ज्याला ते कोरडे महिने हवेच होते, त्यात त्याचं घडणं होतं. ज्याला ज्याची गरज नाही त्याला ते द्यायचं, आणि वर माया केली म्हणायचं. अति तिथं माती हे त्या उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. कंदांकडं बघताना आता त्यांना कीव येईनाशी झाली. उलट थोडा वचकच बसला. डोंगर उठताना ज्यांनी बघितले त्यांना आपण तांब्या दाखवत होतो, असं त्या एकदा आण्णांना म्हणाल्या. आण्णांनी पेपर खाली ठेवला आणि बायकोकडं जरा नीट बघितलं.

वैशाख उतरणीला लागला. वाळूच्या परातीत इकडं-तिकडं कोंब दिसू लागले. आभाळात ढग नाही, मातीत ओल नाही, आणि तरी आतून कुणी हाक मारावी तसे ते वर आले. रोज एखादा नवा. आक्का रोज लेकीला पट्ट्यांवरची नावं वाचून दाखवायच्या. निळ्या पट्टीपाशी मात्र नुसती वाळू. ऐश्वर्या विचारायची नाही, आक्का सांगायच्या नाहीत. एकदा आक्कांनी बोट वाळूपर्यंत नेलं आणि मागं घेतलं. बघितलं असतं तर कळलं असतं, पण परत उकरायचं नाही असं पोरगीनं सांगितलं होतं, आणि या खेपेला त्यांनी शब्द होता तसाच ऐकला होता.

ज्येष्ठ लागायला आला. इमारतीत लोकांनी पत्रे, ताडपत्र्या काढल्या. धोंडुबाई म्हणाली, "राहू द्या आता. बाकीच्या तरी जगल्या न्हवं." आक्का हो म्हणाल्या. मनातून त्यांनीही सोडलंच होतं. ऐश्वर्या पुढच्या आठवड्यात येणार होती आणि तिला कुठल्या तोंडानं सामोरं जायचं एवढाच प्रश्न होता.

त्या दुपारी त्या मुगाचे पापड उलटायला वर गेल्या. उलटून झाले, उठल्या, आणि सवयीनं परातीकडं बघितलं. निळ्या पट्टीच्या बुडाशी दोऱ्याएवढं काहीतरी उभं होतं. काडी असेल म्हणून त्या खाली बसल्या. काडी नव्हती. जांभळट, टोकाशी किंचित वाकलेलं, आणि टोकावर चिमटीतही धरता येणार नाहीत एवढी दोन पानं, अजून मिटलेली.

आक्का तिथंच तापलेल्या गच्चीवर बसून राहिल्या. पाय भाजत होते तेही त्यांना कळत नव्हतं. मग फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा ऐश्वर्यानं उचलला, मागं कसली तरी यंत्रं घरघरत होती.

"आला," आक्का म्हणाल्या. "निळ्यातला. आला बघ."

यंत्रांचा आवाज बंद झाला, म्हणजे पोरगी बाहेर येऊन उभी राहिली असावी. ती रडत होती की हसत होती ते समजेना. "आक्का," ती म्हणाली, "खरं सांग. पाणी घातलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय ग," आक्का म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरून त्या हुंदके देऊन हसाय लागल्या. "मी काय बी केलेलं न्हाय. आपलं आपणच आलं."